मुक्त आज्ञावली चळवळ, पुण्यातील

पुणे शहरातील संगणक-वापरकर्त्यांनी स्वेच्छेने एकत्र येऊन केलेला मुक्त आज्ञावलीच्या (सॉफ्टवेअरच्या) तत्त्वज्ञानाचा व वापराचा प्रसार. संगणकास द्यावयाच्या सूचनांच्या सुसूत्र संचास आज्ञावली म्हणतात. माणसाला वाचता येईल अशा रूपातील या सूचनांना ‘मूळ संहिता’ ही संज्ञा आहे. विक्रीस येणाऱ्या बहुतेक आज्ञावली केवळ यंत्राला कळणाऱ्या रूपात दिल्या जातात आणि त्यांची मूळ संहिता उत्पादक स्वतःकडे राखून ठेवतो. याउलट, जी आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविण्याचे, तिची घडण अभ्यासून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती इतरांस देण्याचे आणि सुधारलेली आवृत्ती प्रसृत करण्याचे, असे चतुर्विध स्वातंत्र्य वापरकर्त्यास असते, तीस मुक्त आज्ञावली म्हणतात. येथे ‘मुक्त’ हा शब्द किंमतीचा नव्हे, तर हक्काचा वाचक आहे. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाचे ‘स्वतंत्र’ व ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ होत असल्याने त्या भाषेत या विचाराविषयी पुष्कळ गैरसमज झाले. मराठीत हे दोन अर्थ भिन्न शब्दांनी व्यक्त होतात. तथापि व्यवहारात दोहोंची गल्लत मराठी समाजातही टळली नाही आणि ती दूर करणे हेच पुण्यातील गटांचे मुख्य कार्य ठरले.

पार्श्वभूमी : संगणक वापरणाऱ्यांनी गट स्थापून आज्ञावलींची देवघेव करण्याची प्रथा मुक्त आज्ञावलीच्या विचाराहून जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या ७०४ या संगणकाच्या वापरकर्त्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत ‘शेअर’ हा गट स्थापन केला. तर डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांच्या वापरकर्त्यांचा ‘डेकस’ हा गट १९६१ मध्ये अस्तित्वात आला. त्या काळी आज्ञावली यंत्राबरोबरच मिळत व त्यांची मूळ संहिता सामान्यतः उपलब्ध असे. १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र व आज्ञावली यांची आकारणी वेगळी करण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली ही स्वतंत्र विक्रेय वस्तू होण्यास गती मिळाली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘होमब्रू कंप्यूटर क्लब’च्या सभासदांत आज्ञावलींच्या प्रती सर्रास वाटल्या जात. त्यास आक्षेप घेणारे बिल गेट्स यांचे अनावृत पत्र १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत देणे ही शेजारधर्माची कृती की चोरी, हा प्रश्न येथूनच ठळकपणे पुढे आला.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम केलेले रिचर्ड स्टॉलमन (१९५३–    ) यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या संपूर्णपणे मुक्त अशा संगणक-प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रताधिकाराच्या कायद्याचाच आधार घेऊन प्रतींचे स्वातंत्र्य कायम राखणे, हे या परवान्याचे वैशिष्ट्य होय. अशा आज्ञावलीत बदल करून ती इतरांस देणाऱ्याने आपली सुधारित संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे, असे बंधन त्यात आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स (१९६९–    ) या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला व पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला. ग्नूचे घटक व लिनक्सचा गाभा यांच्या संयोगाने सामान्य संगणकावर चालणारी मुक्त प्रणाली सिद्ध झाली आणि जगभर तिच्या वापरकर्त्यांचे स्थानिक गट निघू लागले.

भारतातील प्रारंभ : १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात आंतरजालाची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. परंतु दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग फार कमी होता. सेकंदाला ३३,६०० बिट या वेगाने ६५० मेगाबाइटची एक तबकडी उतरवून घेण्यास, जोडणी एकदाही न तुटल्यास, सु. ४५ तास लागत. त्यामुळे मुक्त आज्ञावलींचा प्रसार तारेवरून होण्याऐवजी हातोहात झाला. ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची तबकडी दिली व नंतरच्या वर्षांत हा उपक्रम चालू ठेवला. एका अंकाची तबकडी अनेकांच्या संगणकांवर फिरे; कारण तिची प्रत काढून देण्यास परवान्याचीच संमती होती. अशा रीतीने परिचय झालेल्या तरुणांनी मुंबई, बंगलोर, दिल्ली, पुणे इ. शहरांत गट स्थापन केले. २००१ च्या जुलैमध्ये तिरुअनंतपुरम येथे ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ची स्थापना झाली.

पुण्याची अनुकूलता : पुण्यात ही चळवळ रुजण्यास अनेक कारणे साहाय्यभूत झाली. महासंगणकाच्या निर्मितीसाठी १९८८ मध्ये स्थापन झालेले ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ (सी-डॅक) येथेच असून त्याचा ‘परम ८०००’ हा संगणक १९९१ मध्ये पूर्ण झाला. पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ व राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र या संस्थांत युनिक्स वर्गातील प्रणालींचा वापर पूर्वीपासून रूढ होता. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने टिपलेल्या संकेतांवर संस्करण करण्यासाठी पुढे लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकांचा समूह वापरण्यात आला. अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांची मोठी संख्या आणि १९९० नंतर वाढलेला आज्ञावली-उद्योग यांमुळे शिकणारे व शिकविणारे असे दोन्ही वर्ग शहरात होते. शिवाय १८७० मधील सार्वजनिक सभेपासून व १८७५ मधील वसंत व्याख्यानमालेपासून चालत आलेली, वर्गणी व स्वयंसेवा यांवर सार्वजनिक कार्य चालविण्याची परंपरा पुण्यास परिचित होती. शासनाची वा उद्योगाची वाट न पाहता महिन्यातून एकदा जमणारा जिज्ञासूंचा गट ही गोष्ट या शहरास नवीन नव्हती.

गटाचे स्वरूप व कार्यपद्धती : सु. २००० च्या आसपास ‘पुणे ग्नू/लिनक्स यूझर्स ग्रुप’ (संक्षेपाने ‘प्लग’) हा येथील प्रमुख गट म्हणून पुढे आला. विद्यार्थी, प्राध्यापक, नोकरदार अभियंते व हौशी लोक यांचा त्यात समावेश होता. अशा गटाचे कार्य मुख्यतः तीन प्रकारे चाले. पहिला प्रकार नियतकालिक बैठकीचा. तीत एखादा सभासद एका आज्ञावलीचे प्रात्यक्षिक दाखवी व त्यानंतर अडचणींची चर्चा होई. दुसरा प्रकार प्रणाली-स्थापनेच्या मेळाव्याचा. नवशिका आपला संगणक घेऊन येई आणि अनुभवी सभासद त्याच्या चकतीचे विभाग पाडून जुन्या प्रणालीस धक्का न लावता शेजारी नवी प्रणाली बसवून देई. त्या काळातील अनेक अंतर्गत मोडेम एकाच कंपनीच्या प्रणालीवर चालण्याच्या बेताने बनविलेले असल्याने ते लिनक्सवर चालविणे ही मोठी अडचण असे. उत्पादकाने यंत्राची माहिती गुप्त ठेवली, तर ग्राहकास स्वतःच्या वस्तूचाही पूर्ण वापर करता येत नाही, हे तत्त्व नवशिक्यास पुस्तकापेक्षा या मोडेमने अधिक चांगले पटवून दिले. तिसरा प्रकार महाविद्यालयांतील व्याख्याने व कार्यशाळांचा होता.

या कार्यापुढील खरी अडचण तांत्रिक नव्हती. पाश्चात्त्य देशांत मुक्त प्रणालीचा पुरस्कार करताना तिला परवाना-शुल्क पडत नाही, हा मुद्दा प्रभावी ठरे. पुण्यातील सामान्य वापरकर्त्यास हा मुद्दा पटण्याजोगा नव्हता. कारण संगणक जोडून देणारा विक्रेता महागड्या आज्ञावलीची अनधिकृत प्रत त्याच्या संगणकावर बहुधा आधीच घालून देत असे. दोन्ही वस्तू फुकटच मिळत असतील, तर अधिक परिचित वस्तू सोडून अपरिचित वस्तू का घ्यावी, हा प्रश्न साहजिक होता. त्यास पैशाच्या भाषेत उत्तर नव्हते. अनधिकृत प्रत वापरणारा माणूस पैसे वाचवितो. परंतु त्यास आज्ञावलीची घडण पाहता येत नाही, तीत दुरुस्ती करता येत नाही आणि मित्रास दिलेली प्रत उघडपणे दिली असे म्हणता येत नाही. शिवाय त्या आज्ञावलीची सवय पसरवून तो तिच्या उत्पादकाचे वर्चस्व वाढविण्यास हातभारच लावतो. हा विचार जाहिरातीने पटणारा नसून प्रत्यक्ष संवादाने पटणारा आहे. म्हणूनच आंतरजाल हाताशी असतानाही स्थानिक गटाच्या समोरासमोरच्या बैठकीस महत्त्व राहिले.

संमेलने : मॉडेल कॉलनीतील ‘सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ कंप्यूटर स्टडीज अँड रिसर्च’ या संस्थेत २००३ पासून ‘ग्नुनिफाय’ हे वार्षिक संमेलन भरू लागले. संस्थेचे विद्यार्थी आयोजन करीत आणि गटाचे सभासद व्याख्याने व कार्यशाळा यांचा भार वाहत. यामुळे गटास दरवर्षी नवे तरुण मिळत व विद्यार्थ्यांस व्यावसायिकांचा सहवास घडे. पुढील काळात विकिपीडिया, मोझिला इ. प्रकल्पांचे कार्यकर्तेही या संमेलनात भाग घेऊ लागले. फेडोरा या प्रणालीच्या आशियातील कार्यकर्त्यांचे ‘फडकॉन’ हे संमेलन ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या दिवशी पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात व २६ ते २८ जून २०१५ या दिवशी कोथरूड येथील एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात भरले. रेड हॅट या कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात असल्यामुळे शहरातील काहींना मुक्त आज्ञावली लिहिणे हाच पूर्णवेळचा व्यवसाय करता आला.

मराठी भाषा व मुक्त आज्ञावली : मराठी समाजाच्या दृष्टीने या चळवळीचे सर्वांत महत्त्वाचे अंग भाषेशी निगडित आहे. संगणकावर मराठी मजकूर प्रथम प्रचारात आला, तो निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांमधून. प्रत्येक टंकात अक्षरांचे क्रमांक वेगळे असल्याने एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडल्यास अर्थहीन चिन्हे दिसत. मजकूर लेखकाचा, परंतु तो वाचण्याची किल्ली टंकनिर्मात्याकडे, अशी ही अवस्था होती. ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. परंतु प्रकाशन-व्यवसायात त्याचा सार्वत्रिक वापर झाला नाही. पुढे ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीमुळे प्रत्येक अक्षरास एकच क्रमांक मिळाला. तथापि संकेत ठरल्याने अक्षर पडद्यावर उमटतेच असे नाही. त्यासाठी टंक, जोडाक्षरे घडविणारी यंत्रणा व कळफलक यांची आवश्यकता असते.

या बाबतीत मराठीच्या गरजा हिंदीहून काहीशा वेगळ्या आहेत. ‘दर्या’ (समुद्र) व ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) हे दोन भिन्न शब्द असून दुसऱ्यातील अर्धा र हिंदीत लागत नाही. ल व श या अक्षरांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून निराळी आहेत. ‘ॲ’ या स्वरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले. मोठ्या कंपनीच्या बंदिस्त आज्ञावलीत अशा उणिवा राहिल्यास वापरकर्त्याने तक्रार करून पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागते. मुक्त आज्ञावलीत मात्र भाषेच्या जाणकारास स्वतः दुरुस्ती करून ती सर्वांस देता येते. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसृत केलेली ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची टंकमाला आणि तीत नंतर होत गेलेल्या सुधारणा हे याचे उदाहरण होय. पुढील दशकात मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ हा देवनागरी टंक खुल्या परवान्याखाली उपलब्ध केला.

प्रणालीतील आदेशांचे मराठीकरण हे दुसरे मोठे काम होते. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स इ. प्रकल्पांतील हजारो वाक्ये स्वयंसेवकांनी व व्यावसायिक भाषांतरकारांनी मराठीत आणली. एकच आदेश एका ठिकाणी ‘साठवा’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘जतन करा’ असा भाषांतरित झाल्यास वापरकर्त्याचा गोंधळ उडतो. त्यावर उपाय म्हणून वारंवार येणाऱ्या संज्ञांची प्रमाण सूची करण्याचा ‘फ्यूएल’ हा प्रकल्प २००८ मध्ये भारतात सुरू झाला. ज्या काळात बाजारपेठ लहान म्हणून व्यापारी उत्पादकांस मराठीत रस नव्हता, त्या काळात संपूर्ण मराठी पडदा असलेला संगणक शक्य आहे, हे या कामाने दाखवून दिले.

मुक्तता व नक्कल : मुक्त परवाना म्हणजे कोणाचेही काहीही उचलण्याची मुभा, हा गैरसमज किती खोल आहे, याचा प्रत्यय २०११ मध्ये आला. विकिमीडिया फाउंडेशनने त्या वर्षी पुण्यातील काही महाविद्यालयांत एक प्रायोगिक शैक्षणिक कार्यक्रम हाती घेतला. त्यात विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावयाचे होते. परंतु अनेकांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरविला. तो शोधून काढण्यात विकिपीडियाच्या स्वयंसेवकांचा फार मोठा वेळ खर्ची पडला आणि त्याच वर्षी हा प्रयोग थांबवावा लागला. मुक्त ज्ञानाचा डोलारा लेखकाने स्वतःच्या कृतीवरील हक्क जाणूनबुजून सैल करण्यावर उभा असतो. दुसऱ्याच्या कृतीवरील हक्क आपण सैल करू शकत नाही, हा भेद अनेक विद्यार्थ्यांच्या नीट लक्षात आलेला नव्हता. पाठांतर व उतारे यांवर भर देणारी परीक्षापद्धतीही याच्या मुळाशी होती. कार्यक्रमाची व्याप्ती प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढविली, तर काय होते, याचाही हा धडा होता. लहान गटात शिकणाऱ्यामागे शिकविणारा जवळ असतो; शेकडो विद्यार्थ्यांच्या योजनेत तो राहत नाही.

शिक्षण व शासन : केरळमध्ये शालेय संगणकशिक्षण २००० नंतरच्या दशकात मुक्त प्रणालीवर नेण्यात आले. शिक्षक-संघटना, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया व शासन यांच्या प्रयत्नांचे ते फळ होते. महाराष्ट्रात असे घडले नाही. पुण्यातील महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांस संगणक-साक्षर केले. परंतु त्यातील अध्यापन मुख्यतः विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवरच आधारलेले राहिले. उच्च शिक्षणात चित्र निराळे आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१० नंतरच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत प्रयोगशाळेसाठी लिनक्स वा तत्सम मुक्त प्रणालीची शिफारस आढळते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. केंद्र शासनाने २०१० मध्ये खुल्या मानकांविषयीचे व २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराविषयीचे धोरण जाहीर केले. या धोरणांचा भर मात्र वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यापेक्षा खर्चातील बचत व प्रणालींची परस्परसंगती यांवर अधिक आहे.

मूल्यमापन : तांत्रिक निकषावर पाहता या चळवळीचे यश निर्विवाद आहे. १९९६ मध्ये हौशी तरुणांच्या हाती असलेली लिनक्स प्रणाली आज आंतरजालाच्या बहुतांश सेवायंत्रांवर व महासंगणकांवर चालते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या रूपाने तिचा गाभा सामान्य माणसाच्या खिशातही पोहोचला आहे. पुण्यातील असंख्य अभियंत्यांची उपजीविका तिच्यावर अवलंबून आहे. तत्त्वज्ञानाच्या निकषावर मात्र उत्तर इतके सरळ नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा पुढे आली व तिच्या पुरस्कर्त्यांनी नैतिक युक्तिवादाऐवजी उद्योगाच्या सोयीवर भर दिला. पुण्यासारख्या उद्योगनगरीत हाच पक्ष प्रबळ ठरला. मुक्त आज्ञावली हे नोकरीसाठी आवश्यक कौशल्य झाले. परंतु ते कौशल्य मिळविणाऱ्यास तिच्या परवान्यामागील विचार ठाऊक असतोच असे नाही. ज्या भ्रमणध्वनीचा गाभा मुक्त आहे, त्याच्यावरील इतर आज्ञावली बहुधा बंदिस्त असतात व त्याच्या मालकास गाभ्यात बदल करण्याची सोय क्वचितच असते. दूरस्थ सेवायंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीची तर प्रतच वापरकर्त्याच्या हाती येत नाही.

वेगवान आंतरजाल मिळाल्यावर तबकड्यांची देवघेव व प्रणाली-स्थापनेचे मेळावे यांचे प्रयोजन कमी झाले. पायथनसारख्या एकेका संगणकभाषेस वाहिलेले गट निघाले व त्यांत ‘पायलेडीज’सारखे स्त्रियांचे गटही आहेत. विषय विभागले गेल्याने तंत्राची चर्चा सखोल झाली. परंतु तंत्राचा समाजाशी संबंध काय, हा समान प्रश्न विचारण्याची जागा आक्रसली. आपल्या भाषेतील मजकूर, आपली कागदपत्रे व आपली यंत्रे यांच्यावर अखेर कोणाची सत्ता असावी, हा तो प्रश्न होय. मराठीच्या टंकांचा इतिहास पाहता तो केवळ तंत्रज्ञांचा नाही, हे उघड आहे. पुण्यातील गटांनी हा प्रश्न अभियंत्यांच्या पिढीपुढे मांडला, त्याची व्यावहारिक उत्तरे दाखविली आणि मराठीस संगणकावर स्वतःच्या अटींवर उभे राहण्यास साहाय्य केले, हे त्यांचे कार्य महत्त्वाचे आहे. त्या प्रश्नाचा विचार शाळा, ग्रंथालये व शासकीय कचेऱ्या यांपर्यंत नेण्याचे काम मात्र अद्याप बरेचसे शिल्लक आहे.